सरकीच्या ढिगाला पाठ नसते

मिस्त्रींच्या घराचा पत्ता मला फोनवर मिळाला, तो असा: "स्टँडच्या मोठ्या गेटात उभे राहा. तिथं शून्य. दोनशे दहावर डावीकडे पानठेला, तो सोडा. तीनशे नव्वदवर नाली हाय, एक धोका. नाली ओलांडली का उजवीकडे. सहाशे चाळीसवर निळं फाटक. फाटकाच्या आत कुत्रं, दोन धोके."

मी विचारलं, "हे आकडे कसले?"

"मीटर."

"पण मी पायी येणार आहे."

मग ते म्हणाले, "मंग तुमचं पाऊल किती लांब हाय, ते तं माहीत असन ना."

मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी ती पावलं वापरत होतो, पण त्यांची लांबी मोजावी असं कधी वाटलं नव्हतं. दिग्रसच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि खोली शोधत होतो. नालीशी चुकलो, एका कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या भिंतीला जाऊन लागलो, आणि पंचवीस मिनिटांनी निळ्या फाटकाशी पोहोचलो. फाटकात एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे होते.

"कुठं चुकले?"

"नालीपाशी."

"एक धोका सांगतला होता," ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. घरमालक-भाडेकरूंमधला करार एवढाच. पुढची सहा वर्षं मी त्यांच्या माडीवर राहिलो.

ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. वडिलांचाही तोच होता. सारं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही मिस्त्री म्हणू लागलो. खरं नाव भाडेपावतीवर होतं; ते वापरलं असतं तर त्यांना वाटलं असतं, कोर्टातून कोणी आलंय. पंपांचं काम करता करता ते मोटारसायकलच्या रॅलीत भाग घेत, आणि त्या वर्तुळात त्यांना देशभर ओळखत. दिग्रसमध्ये मात्र पंपासाठी ओळखत. दिग्रसच्या दृष्टीने हे योग्यच होतं. पेरणीच्या दिवसांत पंप बंद पडला तर रॅलीतला चषक उपयोगी पडत नाही.

चषक पुष्कळ होते. घरात शिरल्यावर ते दिसत नसत, कारण ते कपाटात मांडलेले नसून कामाला लावलेले होते. सर्वांत मोठ्या चषकात नट आवळायचे लहान पाने राहत. एकाने मिस्त्रींच्या पत्नी, ज्यांना सगळे भाभी म्हणत, पोहे मोजत. लोणावळ्याकडून आलेला एक देखणा, दोन कानांचा चषक अंगणात कुत्र्याच्या पाण्यासाठी होता. मी एकदा त्याबद्दल हळहळलो, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "दोन कान हाय म्हणून कुत्र्याले देला. उचलाले सोपा."

लोकांना मोटारसायकलची शर्यत म्हटली की गुळगुळीत रस्त्यावर गुडघा टेकवून वळणारी पोरं आठवतात. मिस्त्रींचा खेळ तो नव्हता. त्यांच्या खेळात रस्ताच नसतो. माळ, नदीचं पात्र, जंगल, वाळू. रोज काही शे किलोमीटर, असे आठ-दहा दिवस. वाट सांगणारा माणूस नसतो. हँडलवर एक चपटी पेटी, पेटीत कागदाची गुंडाळी. तिच्यावर रांगेने अंतर, वळणाची खूण आणि धोका लिहिलेला. धोका तीन पायऱ्यांचा: एक म्हणजे जपून, दोन म्हणजे फार जपून, तीन म्हणजे इथे माणसं मोडतात. अंगठ्याने कळ दाबली की गुंडाळी पुढे सरकते. डोळे कागदावर आणि जमिनीवर आळीपाळीने ठेवायचे आणि वेगही राखायचा. या गुंडाळीला रोडबुक म्हणतात. मी आयुष्यभर पुस्तकांत बसलो, पण इतकं मन लावून वाचणारा वाचक माझ्या वाचनालयात एकही नव्हता.

त्यांनी या रोडबुकाचा सराव अख्ख्या तालुक्यावर केला होता. दिग्रस ते पुसद, दिग्रस ते ढाणकी, शेताच्या धुऱ्याने म्हणजे बांधावरून, गाडीवाटेने, अशा गुंडाळ्या बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवलेल्या होत्या. आधी लाल काड्या ओढून धोके मांडायचे. एक काडी, दोन काड्या, तीन काड्या. मग हळूहळू माणसांनाही काड्या लागल्या. आमचे प्राचार्य एकदा पंप दाखवायला आले होते. ते गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "एक धोका. पण वळणावर." प्राचार्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढल्यावर मी सांगतो, यात एका काडीचीही चूक नव्हती.

मुलीच्या लग्नात त्यांनी पत्रिकेच्या मागे रोडबुक छापलं. ढाणकीचे पाहुणे आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर पोहोचले. यवतमाळचे पाहुणे मात्र जुन्या स्टँडऐवजी नव्या पेट्रोल पंपापासून शून्य धरून निघाले आणि बरोबर अंतरावर, बरोबर वळणं घेत, एका अनोळखी शेतकऱ्याच्या तुरीत जाऊन उभे राहिले. त्याने त्यांना चहा पाजला. मिस्त्रींनी पाहुण्यांना दोष दिला नाही. "शून्य चुकलं का सारंच चुकते," एवढंच म्हणाले. हे वाक्य मी पुढे संशोधन करणाऱ्या दोन प्राध्यापकांना ऐकवलं. त्यांना आवडलं नाही.

गावात ते सर्वांत हळू गाडी चालवत. एक जुनी मोपेड होती, तिच्यावर बसून बाजाराला निघाले की शाळेच्या सायकली पुढे निघून जात. मी कारण विचारलं. म्हणाले, "सडकेवर शर्यत नसते, सर. सडकेवर लोक असतात." मात्र घरात ते कधी नीट बसत नसत. रॅलीत गाडी उभ्याने चालवावी लागते, गुडघे किंचित वाकवून. ती सवय मोडू नये म्हणून ते चहा उभ्याने पीत, बातम्या उभ्याने पाहत, आणि पाहुण्यांशीही तसेच बोलत. पाहुण्यांना वाटायचं, मिस्त्री आता निघालेत. मग पाहुणेच निघत.

दुपारी भाभी पोळ्या लाटत असताना चुलीशेजारी एक खुर्ची असे. खुर्चीच्या पाठीला जुनं हँडल बांधलेलं. मिस्त्री डोळे मिटून ते धरून उभे राहत आणि भाभी एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हातातली गुंडाळी वाचत.

"चारसौ बीस, दायें, नाला. दो धोका."

मिस्त्री उजवीकडे झुकत.

"चारसौ अस्सी, सीधा. कुछ नहीं."

"कुछ नहीं कैसा? तिथं बोरीचं झाड हाय."

"लिखा नहीं है."

"मंग लिहा लागते," असं म्हणून ते डोळे उघडत, गुंडाळी घेत, आणि बोरीचं झाड लिहीत. तोवर एक पोळी करपायची. चुकलेलं रोडबुक हातात असताना त्यांना पुढे जाता येत नसे. घरातल्या करपलेल्या पोळ्यांचं हे एकमेव कारण होतं, असं भाभी सांगत.

मी राहायला गेलो तेव्हा मिस्त्री त्रेचाळीसचे होते आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. परदेशातल्या वाळवंटात एक मोठी रॅली होते, ती पुरी करायची. जिंकायची नाही, पुरी करायची. मी एकदा म्हटलं, "एवढं करून जिंकणारच नसाल तर जायचं कशाला?"

"जिंकणारे पंचवीस वर्षाचे पोट्टे असतात, सर. मले पोचाचं हाय."

"पण का?"

"काहून म्हणजे? इथून निघालो तं पोचा लागते ना."



अडचण वाळूची होती. यवतमाळ जिल्ह्यात काळी माती आहे, हलकी भरकाड जमीन आहे, मुरूम आहे, नदीच्या पात्रात थोडी वाळू आहे. पण टेकडीएवढा वाळूचा ढीग नाही. मी येण्याआधीची दोन वर्षं मिस्त्री ढीग शोधत होते. मग एके दिवशी, जिनिंगमध्ये एक मोटर पाहायला गेले असताना, त्यांना तो दिसला. कापसातून रुई निघाली की मागे सरकी उरते. ती पाइपातून अंगणात पडते आणि तिचा दोन मजली ढीग होतो. पाय ठेवला की खचतो, हललं की घसरतो. मिस्त्री त्या ढिगाकडे पाहत राहिले. मिलच्या मालकांना, शेठजींना, वाटलं, मोटरीचा मोठा बिघाड आहे.

जिनिंगच्या शेठजींनी दिलेली परवानगी हा त्या माणसाच्या आयुष्यातला मोठा धाडसाचा क्षण असावा. कापसाच्या अंगणात तापलेला सायलेन्सर म्हणजे काय, हे जिनिंगवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी अटी घातल्या. हंगाम संपल्यावर, रविवारी, मिल बंद असताना, आणि फक्त पावसात भिजलेल्या, जनावरंही खात नाहीत अशा सरकीवर. सायलेन्सरला ओलं बारदान गुंडाळायचं. आगीच्या लाल बादल्या घेऊन दोन माणसं दोन बाजूंना उभी. त्या बादल्यांत वाळू होती. अख्ख्या मिलमध्ये वाळू तेवढीच.

मी तो पहिला रविवार पाहिला आहे. बारदानातून वाफ येत होती, सरकीचे दाणे मागच्या चाकातून पावसासारखे उडत होते, आणि मिस्त्री उभ्याने, गुडघे वाकवून, त्या करड्या डोंगरावर चढत होते. चार वेळा रुतले. पाचव्यांदा माथ्यावर पोहोचले, पलीकडे उतरले, वळून पुन्हा आले. शेठजी माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "सर, हा माणूस येडा हाय का?" मी म्हटलं, "तुम्ही परवानगी दिलीत." ते म्हणाले, "म्हणूनच विचारून राह्यलो."

दोन हंगाम त्यांनी सरकीवर काढले. मग वाळवंटात गेले, आणि तिसऱ्या दिवशी परत निघाले. खांद्याचं हाड मोडलं होतं.

गावात वेगवेगळ्या कथा होत्या. गाडी खराब निघाली, कोणी धक्का दिला, नजर लागली. मिस्त्री यातलं काही म्हणाले नाहीत. गळ्यात हात अडकवून अंगणात उभे होते. मी खाली आलो तेव्हा म्हणाले, "सरकीच्या ढिगाले पाठ नसते, सर."

मला समजलं नाही. मग त्यांनी डाव्या हाताने धुळीत काढून दाखवलं. सरकी पाइपातून सरळ खाली पडते, म्हणून ढीग चारी बाजूंनी सारखाच उतरता होतो. जशी चढण, तसा उतार. पण वाळूचा डोंगर वारा रचतो. वाऱ्याच्या बाजूने सावकाश चढ, आणि माथ्यापलीकडे एकदम कडा. दोन हंगाम त्यांच्या अंगात मुरलं होतं की पूर्ण वेगाने माथ्यावर जायचं आणि तसंच उतरायचं. वाळवंटात तसेच गेले, आणि पलीकडे जमीन नव्हती. "चूक माझी नाही, सरकीची बी नाही," ते म्हणाले. "शून्यच चुकलं होतं."

इतकी अस्सल कापूसपट्ट्याची चूक दुसऱ्या कोणत्याही देशाच्या स्पर्धकाने केली नसेल. मला आत कुठेतरी तिचाही अभिमान वाटला, पण हाड मोडलेल्या माणसाला हे सांगणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या वेळी ते प्रत्येक माथ्याआधी थांबले. वाळूत थांबलेली गाडी रुतते. ती उकरून काढण्यात दिवस गेला, ठरलेल्या वेळेत मुक्कामी पोहोचता आलं नाही, आणि पाचव्या दिवशी बाद झाले. परत आले तेव्हा भाभींनी चहाचा कप पुढे ठेवला आणि माझ्यादेखत निकाल दिला.

"एक बार और जाओ. तीन हो जाएँगे. चौथी बार का नाम लिया तो मैं पुसद जा के बेटी के पास रहूँगी. फिर चाय भी रोडबुक देख के बनाना."

मिस्त्री उभ्याने चहा पीत होते. म्हणाले, "ठीक." डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं: हाड एकदा आणखी मोडलं तर खांदा जाईल. वय सेहेचाळीस झालं होतं. म्हणजे आता एकदाच, आणि पोहोचायचं.

थांबलं तर रुततं, न थांबलं तर पडतं. या दोहोंमध्ये काय आहे, हे त्यांना कळत नव्हतं. ते कळलं राजूरला. मिस्त्रींचे साडू तिकडे कोळशाच्या खाणीवर डंपर चालवत होते आणि निवृत्त होणार होते. त्यांच्या घरी जेवायला गेलो, मीही बरोबर होतो. जेवता जेवता साडू आपल्या नोकरीबद्दल सांगत होते. खाणीतली माती डंपरमध्ये भरून उंच ढिगाच्या कडेवरून खाली ओतायची. कडेच्या पलीकडे पाच-सहा मजले खोल.

मिस्त्रींनी घास हातात धरला. "कड पक्की हाय का कच्ची, कसं पाह्यता?"

"आडवं जातो ना पहिले."

"आडवं म्हणजे?"

"तोंड कडेकडे करून जाच नाही. कडेच्या बाजूबाजूनं चालवाचं, कड डायवरच्या खिडकीकून ठेवाची. मान बाहीर काढून खाली पाह्यचं. चालूच राह्यचं, थांबाचं नाही. पक्की वाटली का मंग फिरवून मागं घ्याचं." साडूंनी वरण ओतलं. "तीस वर्षं तेच केलं. हे काय विचाराची गोष्ट हाय?"

मिस्त्री उठले, हात धुतले, आणि अंगणात जाऊन ताट-वाट्यांनी वाळूचा डोंगर मांडू लागले. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दोन धोके." पुढचे चार महिने दिग्रसबाहेरच्या एका मुरमाच्या जुन्या ढिगावर मिस्त्री रोज सकाळी एकच गोष्ट करत. तिरकं चढायचं, माथ्याच्या कडेने आडवं चालायचं, मान बाहेर काढून पाहायचं, न थांबता. बाकी जग ज्याला तंत्र म्हणतं, ते इथे डंपरच्या खिडकीतून आलं.

तिसऱ्या वेळी ते गेले, तेव्हा मी वाचनालयातल्या संगणकावर त्यांना पाहत असे. नकाशावर प्रत्येक स्पर्धकाचा एक ठिपका हलत असतो. पहिले सहा दिवस मिस्त्रींचा ठिपका शेवटच्या पंधरांत, पण चालत होता. शेठजी रोज दुपारी यायचे. खुर्ची ओढून बसायचे आणि विचारायचे, "हलून राह्यला का?"

शेवटून दुसऱ्या दिवशी भाभीही आल्या. त्यांच्या फोनवर नकाशा उघडत नव्हता. 'शांतता राखा' या पाटीखाली त्या पदर सावरून बसल्या. दुपारी साडेबाराला मिस्त्रींचा ठिपका थांबला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. त्या दिवशी मुक्कामाची वेळ ठरलेली होती. ती चुकली की बाद, आणि भाभींच्या हिशेबाने चौथी वेळ नव्हती. मी पान पुन्हा पुन्हा ताजं करत होतो. ठिपका तिथेच.

"पडले असन का?" शेठजींनी हळूच विचारलं. हळूच म्हणजे पलीकडच्या दोन टेबलांना ऐकू जाईल इतकं.

भाभी म्हणाल्या, "गिरे नहीं."

"कशावरून, भाभी?" मी विचारलं.

"गिरते तो अब तक किसी ने फोन किया होता. पहली बार बीस मिनट में किया था." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "उनके कागज में कुछ गलत लिखा होगा. ठीक करते बैठे होंगे."

मी हसलो नाही, पण त्यांना बरं वाटावं म्हणून मान डोलावली. शेठजी उठून पाटीखालून दोनदा चकरा मारून आले. मागून येणारे ठिपके एकेक करून त्या जागी आले, क्षणभर मंद झाले आणि पुढे गेले. सात गेले. नकाशावर मिस्त्रींच्या मागे कोणी उरलं नाही. मग, चाळीस मिनिटांनी, त्यांचा ठिपका हलला. तेव्हा शेठजींनी जे केलं ते त्या वाचनालयाच्या इतिहासात कोणी केलेलं नाही. ते टाळी वाजवून बसले. मी पाटीकडे पाहिलं नाही.

मुक्कामाला ते अकरा मिनिटं राखून पोहोचले. दुसऱ्या दिवशी, शेवटच्या रेषेवर पोहोचल्यावर, भाभींना फोन आला. "पोचलो," असं म्हणाले आणि ठेवून दिला. भाभींनी आम्हाला ते सांगितलं आणि पोहे मोजायचा चषक घेऊन आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

परत आल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी चाळीस मिनिटं काय झालं होतं?"

"रोडबुकात दोन धोके लिहेल होते. होते तीन." माथ्यावरून आडवं जाताना मान बाहेर काढली, तर कड खालून वाऱ्याने खाल्लेली. नुसता पापुद्रा. वेगाने आलेला माणूस गाडीसकट खाली गेला असता. मिस्त्रींनी आपली गाडी माथ्यावर आडवी घातली, अंगातलं केशरी जाकीट हँडलला बांधलं, आणि उन्हात उभे राहिले. मागून येणाऱ्याला हात करून बाजूने काढून देत राहिले.

"पण वेळ संपत होती. तुमच्या मागे सातच जण होते."

"हाव. सातच."

"मग?"

"त्याईच्यातला एखादा सरकीवर शिकला असन तं?"

ते उभ्यानेच हे बोलत होते, गुडघे वाकवून, जणू मोपेडवर बाजाराला निघाले आहेत. भाभी दारात होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी फक्त भुवया वर केल्या.

यानंतर दिग्रसने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं, आणि इथून पुढे सगळी वाट धोक्याची होती. समिती झाली. समितीला अध्यक्ष झाले, गावातलेच एक पुढारी. चौकात तीन मजली फ्लेक्स लागला. 'वाळवंटाचा विश्वविजेता', खाली समितीतले एकोणीस चेहरे, आणि मधोमध हवेत उडालेली मोटारसायकल. मिस्त्री मोपेड थांबवून तो फ्लेक्स बराच वेळ पाहत होते. मी भाजी घेऊन चाललो होतो, त्यांनी मला थांबवलं.

"सर, हा कोण हाय?"

"तुम्ही."

"हा मी नाही. हा फ्रेंच माणूस हाय. पह्यल्याच दिवशी गाडी बंद पडली त्याची."

हेल्मेट घातलं की सगळे सारखेच दिसतात. समितीतल्या कोणीतरी संगणकावरून सर्वांत उंच उडालेला निवडला होता. अध्यक्षांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही एवढे उडत नाही का?" मिस्त्री म्हणाले, "एकदा उडलो होतो. खांदा मोडला."

मानपत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. असल्या कामाला मी आयुष्यभर नकार दिला आहे. मानपत्रात माणूस सोडून सगळं असतं, असं माझं मत होतं आणि आहे. पण या वेळी मी हो म्हणालो, आणि दोन दिवस खपून दोन पानं लिहिली. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. 'अजिंक्य', 'वाळवंटावर विजय', 'वऱ्हाडच्या मातीचा वीरपुत्र' असे शब्द माझ्या हातून उतरले होते. आणि तेव्हा ते मला खोटे वाटले नव्हते.

समितीकडे देण्याआधी मी ती पानं गॅरेजमध्ये नेऊन मिस्त्रींना दाखवली. ते एका पंपाच्या शेजारी उभे होते. त्यांनी हात पुसले, कानामागची लाल पेन्सिल काढली आणि वाचायला लागले. रोडबुक वाचतात तसं, एकेक ओळ, बोटाने खाली सरकत. 'अजिंक्य' शेजारी दोन काड्या. 'वाळवंटावर विजय', तीन. 'वीरपुत्र' शेजारी थांबले, विचार केला, तीन. दुसरं पान संपलं तेव्हा समास लाल झाला होता.

"लय धोका हाय ह्या कागदात, सर. माणूस मरन."

"मग काय ठेवू?"

त्यांनी पहिलं पान परत घेतलं. मधल्या एका परिच्छेदात, शोभेच्या दोन वाक्यांमध्ये दडलेलं एक वाक्य होतं. मी ते केवळ तारखा जोडायला लिहिलं होतं. त्यांनी त्याच्यावर काळं, तेलकट बोट ठेवलं. "हे. ह्यावरून गाडी जाते."

सत्कार जिनिंगच्या अंगणात झाला. मागे नव्या हंगामाची सरकी होती. अध्यक्ष पाऊण तास बोलले, त्यात मिस्त्री तीन मिनिटं होते. मग मला बोलावलं. समोर गाव होतं, पहिल्या रांगेत भाभी, त्यांच्याशेजारी राजूरचे साडू. मंचावर मिस्त्री शाल पांघरून बसले होते, खरोखर बसले होते. अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं होतं. मोडलेल्याच खांद्यावर.

मी वाचलं. "दिग्रसचे हे गृहस्थ तीनदा निघाले, दोनदा पोहोचले नाहीत, तिसऱ्यांदा पोहोचले, आणि वाटेत चाळीस मिनिटं उभे राहून त्यांनी मागच्यांना वाट दाखवली."

एवढंच. कागद संपला. अध्यक्ष पुढच्या पानाची वाट पाहत होते. साडूंनी मान खाली घातली होती. मला पुन्हा एखादं विशेषण जोडावंसं वाटलं. एकच, मोठंसं. मी तोंड उघडलं आणि मिस्त्रींकडे पाहिलं.

शालीच्या आतून त्यांचा हात गुडघ्यावर आला होता. तीन बोटं वर होती.

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि खाली उतरलो.